कळलं का? होऽऽ!

हल्ली दहावीच्या जुन्या बॅचेस तीस-तीस वर्षांनी पुन्हा भेटतात. सकाळी नाश्ता, मग प्रार्थना, मग हयात असलेल्या शिक्षकांना शाल-श्रीफळ. ज्या बाकावर मार खाल्ला त्याच बाकावर, आता मावत नसताना, बसून फोटो. आणि शेवटी शाळेला भेट. पूर्वी ही भेट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ किंवा पाण्याची टाकी असे. आता इंटरॅक्टिव्ह बोर्ड असतो. आमच्या तालुक्याच्या गावातल्या हायस्कूललाही तो मिळाला. मी तिथल्या पालक-शिक्षक संघाचा सदस्य असल्यामुळे (सदस्य व्हायला विशेष काही करावं लागत नाही, निवडीच्या बैठकीला गैरहजर राहिलं की पुरतं) त्याचा संसार मला जवळून बघायला मिळाला.

बोर्ड चांगला पंचाहत्तर इंची, काचेचा. उद्घाटनाला पहिला पेच पडला तो नारळ कुठे फोडायचा याचा. तो शेवटी उंबऱ्यावर फोडला. हळद-कुंकू मात्र बोर्डालाच वाहायचं ठरलं. प्रमुख पाहुण्यांनी अनामिका कुंकवात बुडवून काचेवर स्वस्तिक काढलं. बोर्ड चालू होता, आणि बसवायला आलेल्या कंपनीच्या मुलाने आदल्या दिवशी हिरवं पेन निवडून ठेवलं होतं. त्यामुळे कुंकवाच्या स्वस्तिकाखाली पडद्यावर दुसरं, हिरवंगार स्वस्तिक उमटलं. प्रचंड टाळ्या. समारंभ संपल्यावर शिपाईमामांनी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. हिरवं काही पुसलं जाईना. मामांनी जोर लावला, तर फडकं जाईल तिथे त्याच्या मागोमाग हिरवा रंग पसरत गेला. अर्ध्या तासात बोर्डाचं कुरण झालं. मग कोणीतरी मेन स्विच बंद केला, आणि 'स्विच बंद करणे' ही या बोर्डाच्या देखभालीची अधिकृत पद्धत ठरली.

फळ्याचा आणि सरकारचा संबंध तसा जुना. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं, त्यातून १९८७ मध्ये 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' सुरू झालं. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासारखं जरुरीपुरतं साहित्य मिळावं, एवढीच माफक इच्छा. त्याच १९८७ साली कॅनडातल्या कॅल्गरी शहरात डेव्हिड मार्टिन आणि नॅन्सी नोल्टन या नवराबायकोने स्मार्ट टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली, आणि १९९१ मध्ये हात लावला की ओळखणारा फळा बाजारात आणला. म्हणजे आपण शाळाशाळांतून फळा पोचवायला निघालो, त्याच वर्षी तिकडे तो काढून टाकणाऱ्यांनी दुकान थाटलं. पुढे २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ब्लॅकबोर्डकडून डिजिटल बोर्डकडे जायचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' निघालं. दोन्ही वेळा ऑपरेशनच. पेशंटला विचारलं होतं की नाही, याची नोंद सापडत नाही.

खरं तर बोटाने लिहायचा पडदा आपल्याला नवा नाही. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरं गिरवत. बोट टेकलं की उमटे, तळहात फिरवला की पुसलं जाई. चार्जिंग नको, पासवर्ड नको, अपडेट येऊन अर्धा तास वाट बघणं नको. शिवाय जिथे बोट टेकलं तिथेच अक्षर उमटे. ही शेवटची सोय एकविसाव्या शतकात आल्यावर गेली.

कशी गेली, ते बघायला आमच्या शाळेच्या सभागृहात जावं लागेल. तिथे या नव्या बोर्डाचा थोरला भाऊ आहे. लोकवर्गणी काढून शाळा डिजिटल करायची लाट आली होती त्या काळातला. हा प्रोजेक्टरवाला. समोरून प्रकाशझोत येतो, मध्ये सर उभे राहतात आणि महाराष्ट्राच्या नकाशावर कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सरांची सावली पडते. सर बाजूला झाले तर हात पोचत नाही, हात पोचला तर विदर्भ दिसत नाही. त्यात या बोर्डाला अधूनमधून कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या अधिकच्या चिन्हांवर ओळीने पेन टेकवून त्याला 'तू इथे आहेस' हे समजावून सांगावं लागतं. ते कोणी करत नाही. परिणामी पेन टेकवलं त्याच्या वीतभर उजवीकडे रेघ उमटते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी यावर बोर्ड दुरुस्त न करता वर्ग दुरुस्त केला. 'ब उत्तर हवं असेल तर अ दाबायचं,' हे ते जूनमध्येच सांगून टाकतात. मुलं हुशार. दोन दिवसांत सगळ्यांचा हात वीतभर डावीकडे बसला. पुढे विज्ञान प्रदर्शनासाठी ही मुलं दुसऱ्या शाळेत गेली, तिथल्या बोर्डावर सगळी उत्तरं चुकली, आणि परत येऊन त्यांनी 'तिथला बोर्ड बिघडलेला आहे' अशी तक्रार केली.

नव्या काचेच्या बोर्डाचं तसं नाही. त्याच्या चौकटीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी पसरलेली असते आणि ती जिथे तुटेल तिथे स्पर्श झाला असं तो मानतो. तो स्पर्श बोटाचाच असावा असा त्याचा आग्रह नाही. बाहीचा चालतो, पदराचा चालतो, आणि एकदा पालीचाही चालला. इतिहासाचा तास होता, पडद्यावर चार पर्याय होते, आणि ट्यूबलाइटमागून उतरलेली पाल काचेवरून दुडदुडत गेली. तिने 'क' निवडला. टाळ्यांचा आवाज आला, पडद्यावर फुगे उडाले. पर्याय बरोबर होता. त्या प्रश्नाचं उत्तर सहावी ब मध्ये त्या दिवशी फक्त पालीला आलं, आणि सरांच्या मनात या सगळ्या प्रकाराविषयी पहिल्यांदाच शंकेची दुसरी पाल चुकचुकली.

मराठी फळ्याचे काही वतनदार असतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक. उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर. मधोमध सुविचार. खाली उरेल त्यात शिक्षण. बोर्ड काचेचा झाला तरी हे हक्क कोण सोडतो? पहिल्याच आठवड्यात वर्गसेक्रेटरीने 'आजचा सुविचार' लिहिला, तोही पर्मनंट मार्करने. 'वेळेचा सदुपयोग करा' असा तो सुविचार आहे, आणि आता तो सगळ्या धड्यांच्या डोक्यावर कायमचा असतो. सूर्यमालेवर आहे, पानिपतावर आहे, पचनसंस्थेवर आहे.

यानंतर मुख्याध्यापकांनी बोर्डाला कव्हर शिवून घेतलं. गडद निळं, कडेला झालर. खोलीला कुलूप, कुलपाची किल्ली मामांच्या करगोट्याला. मामा रजेवर गेले की शाळेतलं तंत्रज्ञानही रजेवर. एवढी जपणूक करण्याचं कारण साधं आहे. बोर्डावर देणगीदार बॅचचं नाव आहे, बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्या ग्रुपवर वर्षातून दोनदा 'आपला बोर्ड कसा आहे?' अशी विचारपूस होते. मग कव्हर काढून, मुलं समोर बसवून फोटो काढला जातो. फोटोत एक मुलगी बोर्डाला बोट लावून उभी असते. दर वेळी तीच. तिचं बोट चांगलं चालतं, असं म्हणतात.

आणि माझ्या मते मूळ गोम त्या एका बोटात आहे. बोर्ड कितीही मोठा झाला तरी त्याच्याशी एका वेळी एकाचंच जमतं. सत्तरांच्या वर्गातले बाकीचे एकोणसत्तर काय करतात? रांगेत उभे राहतात, नाहीतर रांगेत उभं राहिलेल्याला चिमटे काढतात. इंग्लंडने हा अनुभव आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त पैसे खर्चून घेतला. तिथल्या सरकारने या शतकाच्या सुरुवातीला शाळांतून हे बोर्ड धडाधड बसवले. लंडनच्या माध्यमिक शाळांत काय फरक पडला, हे तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या अभ्यासकांनी तपासलं आणि त्यांचा अहवाल २००७ मध्ये आला. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांत फरक दिसला नव्हता. उलट काही वर्गांत एकेक मूल उठून बोर्डापाशी जाण्यात तासाची गती मंदावत होती. म्हणजे चिमटे तिकडेही.

ज्याला वर्गातला संवाद म्हणतात, त्याची आपली पारंपरिक यंत्रणा दोन भागांत आहे. पहिला भाग म्हणजे 'कळलं का?' आणि त्यावरचा 'होऽऽ'. हा 'हो' नीट ऐका. त्याला एक ठरलेली चाल आहे, तो खालच्या सुरात सुरू होतो, वर जातो आणि तास संपायला आला असेल तर अधिकच वर जातो. त्यात कळलेल्यांचा आवाज असतो, न कळलेल्यांचा त्याहून मोठा असतो, आणि 'काय कळलं का?' हेच न ऐकलेल्यांचा सगळ्यांत मोठा. शिक्षकालाही हे ठाऊक असतं. पण सत्तर जणांनी एका सुरात दिलेली पावती नाकारून पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, तर पोर्शन कधी पुरा व्हायचा?

दुसरा भाग हात वर करण्याचा. पहिल्या बाकावरचा हात प्रश्न पुरा व्हायच्या आत वर जातो, तो खांद्यातून निखळेल असं वाटतं आणि त्याच्यासोबत 'बाई मी, बाई मी' असं पार्श्वसंगीत असतं. हा हात वर असताना बाकीच्या वर्गाने विचार करायची गरज नसते. मग एक हात कोपरापर्यंतच उठतो. बाईंचं लक्ष गेलं तर तो डोकं खाजवत होता असं सिद्ध करता येतं. काही हात आधी शेजाऱ्यांचे हात मोजतात आणि बहुमत झाल्यावर उठतात. सगळ्यांत धोरणी हात तो, जो आत्मविश्वासाने वर जातो कारण हात वर करणाऱ्याला बाई कधीच विचारत नाहीत, हे त्याने हेरलेलं असतं. बाई नेहमी खाली बघणाऱ्याला उठवतात. त्याला उत्तर येत नाही. सगळे हसतात. तास पुढे सरकतो.

हे दुखणं फक्त सहावी ब चं नाही. हार्वर्डला एरिक मॅझूर नावाचे प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवत. मुलं खूश, गणितं सुटत होती, सगळं छान. मग त्यांनी एकदा सूत्र न लागणारे, साध्या भाषेतले प्रश्न परीक्षेत दिले, तेव्हा वर्गातून शंका आली की सर, तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला खरं वाटतं तसं? इथे कुठलाही मराठी शिक्षक 'मी शिकवलंय तसं' म्हणून मोकळा झाला असता. मॅझूर अस्वस्थ झाले. १९९१ पासून त्यांनी तासाची रीत बदलली. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. त्यासाठी पुढे क्लिकर आले. छोट्या रिमोटसारखं यंत्र, प्रत्येकाच्या हातात एक.

आमच्या गणिताच्या बाईंनी हे कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं. (शिक्षक प्रशिक्षणात बटाटेवड्याखेरीज काही मिळत नाही असा माझा समज होता, तो इथे थोडा ढळला.) क्लिकरला पैसे कोण देणार? तेव्हा बाईंनी प्लिकर्सची कार्डं छापून आणली. ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षकाची. पुठ्ठ्यावर काळा-पांढरा ठोकळा, त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, बाईंनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी बाईंच्या मोबाइलवर. वर्गात मोबाइल एकच, तोही बाईंचा. वीज गेली तरी चालतं. क्यूआर कोड म्हणजे काय, हे मुलांना सांगावं लागलं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींच्या कल्पनेपासून ते बालभारतीच्या पुस्तकांत आलेच आहेत. कार्डही त्याच कुळातलं दिसतं, इतकं की एकाने पुस्तकाचं मुखपृष्ठच उत्तर म्हणून वर धरलं.

अडचण आली ती पटाची. संचात कार्डं ६३, वर्गात मुलं सत्तर. उरलेल्या सातांना बाईंनी निरीक्षक केलं. निरीक्षकांनी आपलं काम खात्याच्या परंपरेला साजेसं केलं. कार्ड सरळ धरलंय का, एवढंच बघितलं, उत्तराकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या फेरीत निम्म्या कार्डांच्या कोपऱ्यावर अंगठे होते आणि ठोकळा झाकला गेला की कॅमेऱ्याला दिसत नाही. 'अंगठा काढ! अरे अंगठा!' असा बाईंचा आवाज स्टाफरूमपर्यंत ऐकू येत होता.

प्रश्न बाईंनी खडूने फळ्यावर लिहिला होता. मामा रजेवर होते. ०.५ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती? दशांश अपूर्णांक आदल्याच आठवड्यात शिकवून झाले होते आणि तेव्हाचा 'होऽऽ' विशेष दणदणीत होता. आता मोबाइलवर आलं ते असं, की अर्ध्याहून जास्त वर्गाच्या मते ०.२५ मोठी. कारण पंचवीस हे पाचापेक्षा मोठे. बाई खुर्चीत बसल्या. आम्ही दोघे-तिघे पालक मागे बसलो होतो, त्यांतल्या एकाने हळूच मला विचारलं, "मोठी कुठली हो?"

बाईंनी आधी हुकमी उपाय काढला. "चार आणे जास्त की आठ आणे?" वर्ग गप्प. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, ही मुलं त्यानंतर जन्मली. त्यांच्या दृष्टीने चार आणे म्हणजे मोहेंजोदडोला सापडलेलं काहीतरी. तेव्हा बाई मॅझूरच्या मार्गाला लागल्या आणि म्हणाल्या, "शेजाऱ्याला पटवून द्या." पुढच्या पाच मिनिटांत शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन 'बाई आहेत ना वर्गात?' अशी चौकशी करून गेले, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुसरी फेरी झाली आणि जे दिसलं ते कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नसावं. खिडकीकडच्या रांगांत बरोबर उत्तरं वाढली होती, दाराकडच्या रांगांत कमी झाली होती. कारण दाराकडे वर्गातला पहिला नंबर बसतो. त्याचं मत ०.२५, आणि पहिल्या नंबराने सांगितल्यावर ज्यांचं बरोबर होतं त्यांनीही सुधारून चूक केलं होतं. खिडकीकडे किराणा दुकानदाराचा मुलगा बसतो. त्याला दशांश वगैरे ठाऊक नव्हतं, पण दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाव किलोला ०.२५० येतं आणि अर्धा किलोला ०.५००, हे तो रोज बघतो. तो उभा राहून दाराकडे ओरडला, "ये तू दुकानात, अर्धा किलोचे पैसे दे, पाव किलो साखर घेऊन जा!" पहिला नंबर जागचा हलला नाही. तो शांतपणे म्हणाला, "परीक्षेत साखर नसते."

हार्वर्डमधली शंका आणि ही, दोन्ही एकाच जातीच्या. फरक एवढाच की तिथे ती प्रश्न म्हणून आली, आपल्याकडे ठाम उत्तर म्हणून येते.

पुढचे दोन तास बाईंनी साखरेवर काढले. दशांश शिकवणं म्हणजे काय, ते त्या दोन तासांत मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याला लागलेलं यंत्र म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे होते. कार्ड की क्लिकर, यावर कॅनडातल्या नॅथॅनिएल लासरींनी एक तुलना केली होती, ती २००८ मध्ये छापून आली. क्लिकर घेतलेल्यांत आणि साधी कार्डं घेतलेल्यांत शिकण्याच्या बाबतीत फारसा फरक त्यांना आढळला नाही. यंत्राची सोय शिक्षकाला होते, मोजदाद आपोआप होते, पण मुलाला कळतं ते प्रश्नामुळे आणि शेजाऱ्याशी झालेल्या भांडणामुळे. पुठ्ठ्याला मात्र कोनशिला बसवता येत नाही. 'अमुक बॅचकडून ६३ पुठ्ठे सप्रेम भेट' असं कोण लिहून घेईल? आणि तपासणीला आलेले साहेब 'बोर्ड चालू आहे का?' एवढंच विचारतात. चालू असतो. मुलं कुठे चुकतात, याला त्यांच्या तक्त्यात रकाना नाही. उन्हाळ्यात त्या कार्डांनी वारा घेता येतो, हा फायदाही कुठे नोंदवलेला नाही.

तरी बाईंनी हे प्रकरण पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडायचं ठरवलं. विषयपत्रिकेवर बोर्डाच्या वार्षिक देखभालीचा करार होता, रक्कम बरी होती. बाई म्हणाल्या, आपणही कार्डांवर मत देऊ या, म्हणजे पालकांना पद्धत समजेल. ए म्हणजे मान्य, बी म्हणजे अमान्य, सी म्हणजे विषय समजला नाही. सगळ्यांना कार्डं वाटली. कौतुकाने उलटसुलट करून झाली. बरीच कार्डं सी वर स्थिरावत होती. तेवढ्यात संस्थेच्या सचिवांनी विचारलं, "बाई, यात कोणी काय दिलं ते दिसतं का?"

"हो सर, नावासकट."

"आणि ते नंतर राहतं?"

"राहतं ना. केव्हाही काढून बघता येतं."

खोलीतली कार्डं एकेक करून टेबलावर पालथी पडली. अध्यक्षांनी घसा साफ केला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "विषय सगळ्यांना कळलाय ना? मान्य आहे ना?"

"होऽऽ!"

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. नेमका काय होता, ते इतिवृत्त आलं की कळेल.